ओढाळ गुरें आणि कोंडवाडा

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तह, लढाया आणि राजधान्या उभ्या राहतात. गुराढोरांनाही इतिहास असतो आणि तो कायद्याच्या पुस्तकांत पुष्कळ तपशीलानें लिहिलेला असतो, हें माझ्या ध्यानांत फार उशिरां आलें. भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शहापूर हें गांव आहे. त्याच्या शिवारांत आमच्या वडिलांची थोडी धानाची जमीन होती. शेजाऱ्याचीं गुरें आपल्या शेतांत शिरलीं तर काय करावें, हा प्रश्न मीं प्रथम तेथें, वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षीं ऐकला. पुढें कॉलेजांत इतिहास शिकवूं लागल्यावर तोच प्रश्न मला याज्ञवल्क्यस्मृतींत भेटला, आणि १८७१ सालच्या पहिल्याच कायद्यांतही भेटला.

ज्या वाचकांनीं हा मुलूख पाहिला नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगणें अवश्य आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांच्या आणि बोड्यांच्या पाण्यावर येथील धान पिकतो. आषाढांत पऱ्हे उपटून रोवणी व्हावयाची, हलका धान दिवाळीच्या सुमारास निघावयाचा आणि भारी त्याच्यामागून. तोंवर गांवचीं ढोरें सकाळीं आखरावर जमत आणि गोवारी त्यांना रानांत घेऊन जात. पीक निघालें कीं ढोरें मोकळीं, असा पुष्कळ ठिकाणचा रिवाज आहे. परंतु धानाच्या या प्रदेशांत एक अडचण आहे. धान उभा असतांनाच, बांधींतील ओल जाण्यापूर्वीं, तिच्यांत लाखोरीचें बीं फेंकतात. धान कापला जातो आणि त्याच्या धसकटांत लाखोरी वर येते. दुरून पाहणाराला शेत रिकामें दिसतें, पण तें रिकामें नसतें. ज्याची लाखोरी आहे तो तें शेत समजतो. ज्याचे बैल आहेत तो तें कुरण समजतो. निम्मे तंटे या दोन समजुतींतले.

हा तंटा नवा नाहीं. मनूनें गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें रुंदीचा मोकळा पट्टा ठेवावयास सांगितलें आहे, आणि त्या पट्ट्यांत कोणी कुंपणावांचून पीक केलें व गुरांनीं तें खाल्लें तर गुराख्याला दंड नाहीं, असा निर्णय दिला आहे. कुंपण कसें असावें? उंटाला त्यावरून पलीकडचें दिसूं नये आणि कुत्र्याडुकराचें तोंड त्यांतून जाऊं नये. ज्याला शेतीची माहिती नाहीं त्याला हें सुचणें शक्य नाहीं. व्यालेल्या गाईला दहा दिवसपर्यंत आणि देवाच्या नांवानें सोडलेल्या पोळाला दंडांतून माफी, हीही मनूचीच तरतूद.

याज्ञवल्क्य तर दरपत्रकच देतो. पीक खाणाऱ्या म्हशीबद्दल आठ माष, गाईबद्दल त्याच्या निम्मे, शेळीमेंढीबद्दल त्याच्याही निम्मे; आणि जनावर खाऊन तेथेंच बसून राहिलें तर दुप्पट. या शेवटच्या कलमावर माझे विद्यार्थी हंसतात. मला मात्र त्यांत कायदेकाराची दृष्टि दिसते, कारण जें जनावर चरून रवंथ करीत बसलें, त्याला कोणी हांकलावयास आलें नाहीं, हें उघड आहे. दंड गाईला नसून तिच्या मालकाच्या बेफिकिरीला आहे.

आतां इंग्रजी कायदा पाहूं. नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें व त्याबरोबर भंडाराही इंग्रजी अंमलाखालीं आला. गुरांच्या आगळिकीसंबंधीं १८५७ आणि १८६० सालीं दोन कायदे झाले होते. ते रद्द करून १८७१ चा कायदा झाला. त्याचें दरपत्रक असें : हत्तीस दोन रुपये, उंट किंवा म्हैस यांस आठ आणे, घोडा, बैल, गाय यांस चार आणे, वासरूं, गाढव, डुकर यांस दोन आणे, आणि शेळीमेंढीस एक आणा. म्हैस आठ, गाय चार! माषाच्या जागीं आणा आला, एवढाच भेद. कायदा करणारांनीं याज्ञवल्क्य वाचला होता असें माझें म्हणणें नाहीं. म्हैस गाईच्या दुप्पट नासधूस करते, हें धानाच्या बांधीनें दोघांनाही स्वतंत्रपणें शिकविलें असावें.

परंतु हें साम्य पाहून फसूं नये. खरा फरक दंडाच्या रकमेंत नाहीं, ती कोणाच्या हातीं जाते यांत आहे. याज्ञवल्क्याच्या मतें जितकें पीक नासलें असेल तितक्याचें फळ प्रथम शेतवाल्याला मिळावयाचें. दंड त्याहून वेगळा. १८७१ च्या कायद्यांत मालक कोंडवाड्यांत येऊन दंड आणि खाण्यापिण्याचा खर्च भरी, बैल सोडवून नेई, आणि ती रक्कम कोंडवाड्याच्या कारकुनाचा पगार, भिंतींची दुरुस्ती व उरल्यास रस्ते-पूल यांत जाई. ज्याची लाखोरी गेली त्याला काय? त्यानें पाहिजे तर दिवाणी कोर्टांत नुकसानीचा दावा लावावा, एवढी त्याला मोकळीक होती. दोन पायली लाखोरीसाठीं भंडाऱ्याच्या कोर्टाची पायरी कोण चढणार! मला वाटतें, कोंडवाड्याबद्दल खेड्यांत जो कडवटपणा राहिला त्याचें मूळ येथें आहे. शेजाऱ्याचे बैल कोंडवाड्यांत घालणें म्हणजे शेजाऱ्याला दंड करविणें. त्यांत आपल्या पदरीं कांहींच पडावयाचें नाहीं, पडली तर दुष्मनी.

कायद्याची रीत मात्र मोठी टापटिपीची होती. शेतांत नुकसान करणारें जनावर शेतवाल्यानें धरावें आणि चोवीस तासांच्या आंत कोंडवाड्याकडे पाठवावें. तेथें जनावरांची संख्या व वर्णन, दिवस आणि वेळ, धरणाराचें व मालकाचें नांव, सारें वहींत लिहावयाचें. सात दिवसांत मालक आला नाहीं तर पोलिसाकडे वर्दी, मग गांवांत आणि जवळच्या बाजारांत दवंडी, आणखी सात दिवस वाट पाहणें, आणि शेवटीं लिलांव. त्या लिलांवांत कोंडवाड्याच्या कारकुनानें स्वतः बोली करूं नये, असें एक कलम आहे. सरकारला आपले नोकर चांगले ठाऊक होते. धरलेलीं गुरें कोणी जबरीनें सोडवून नेलीं तर सहा महिनेपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चार आण्यांच्या बैलासाठीं पांचशें रुपये! एवढा दरारा कोणासाठीं, हें समजण्यास बंगालकडे पाहावें लागतें. तेथें निळीचे मळेवाले रयतेचीं गुरें कोंडून तिला वांकवीत, अशा तक्रारी १८६० च्या नीळ-आयोगापुढें आल्या होत्या. शेतकऱ्यांतील भांडण मिटविण्याचें साधन बलवानाच्या हातीं गेलें कीं त्याचें शस्त्र होतें.

आमच्याकडे मळेवाले नव्हते, मालगुजार होते. १८६० नंतरच्या जमाबंदीनें त्यांना गांवाची मालकी मिळाली आणि ती १९५१ च्या मार्चअखेरपर्यंत टिकली. चराई आणि निस्ताराचे रिवाज वाजिब-उल-अर्जांत लिहिले गेले. तथापि मालगुजाराच्या खिल्लारानें कुळाची बांधी तुडविली तर तीं ढोरें हांकीत कोंडवाड्याकडे नेण्याची छाती किती कुळांना होती, हें वाचकांनीं आपल्या मनाशींच ठरवावें.

जंगलखात्याचा हिशेब याहून मासलेवाईक. राखीव जंगलांत शिरलेल्या गुरांनाही हाच कायदा लागू केला गेला, आणि १९२७ च्या जंगल कायद्यानें त्यांचा दंड म्हशीमागें दोन रुपये व गाईमागें एक रुपया इतका वाढविण्याची मुभा सरकारास दिली. म्हणजे सरकारच्या गवताची किंमत रयतेच्या उभ्या धानाच्या चौपट! जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हांपासून चराईची ही तक्रार महाराष्ट्राच्या कानांवर आहे.

आमच्या भागांत कोंडवाड्याला ‘कांजी हाऊस’ असेंही म्हणतात. गुरें या अर्थाच्या ‘काईन’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा तो अपभ्रंश असल्याचें सांगतात. नागपुरांत त्या नांवाचा चौकही आहे. प्रेमचंदांचे हिरा आणि मोती हे बैल ज्या कांजीहौसांत उपाशी राहिले, तें हेंच. उपाशी ठेवण्याची कायद्यांत परवानगी नव्हती, उलट खावयास घालणें हें कारकुनाचें कर्तव्य होतें. पण त्या कथेवर कोणत्याही खेडुतानें अविश्वास दाखविल्याचें मीं ऐकलेलें नाहीं.

आज कोंडवाडा ग्रामपंचायतीकडे आहे. बैलाचें काम ट्रॅक्टरानें घेतलें. आखरावर ढोरें जमवणारा गोवारी मिळेनासा झाला. ढोरें मात्र राहिलीं आणि त्यांना वळणारा कोणी उरला नाहीं.

आतां शहापूरच्या त्या हिंवाळ्याविषयीं. एका संध्याकाळीं शेजारच्या धुऱ्यावरून तिघे बैल आमच्या लाखोरींत उतरले. त्यांतला एक ठरलेला ओढाळ. त्याच्या गळ्यांत लोढणें होतें आणि तें ओढीतच तो आला होता. वडिलांनीं तिघांनाही धरून घरीं आणलें आणि आमच्या गोठ्यांत बांधलें. काका संतापून म्हणाले, “आतांच्या आतां कोंडवाड्यांत घाला, म्हणजे अक्कल येईल.” गेल्या सालींही असेंच झालें होतें, आणि त्या वेळीं वडील गप्प राहिले होते, हें सारें त्यांनीं बोलून दाखविलें. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. आमचें नुकसान खरें होतें आणि घरीं त्या वर्षीं धानही कमीच आला होता. वडील म्हणाले, “उद्यां दुपारपर्यंत वाट पाहूं.” चोवीस तासांचें कलम त्यांना माहीत होतें कीं नव्हतें, हें मला आजही सांगतां येणार नाहीं. रात्रीं त्यांनीं आमच्या बैलांच्या वांट्याची तणस त्या तिघांपुढें टाकली, आणि काका न जेवतां झोंपले.

सकाळीं शेजारी दारांत आला. बैल कोठें आहेत हें त्याला गांवांतून कळलें असलेंच पाहिजे. तरी त्यानें विचारलें, “माहे बैल पाह्यले का जी?”

“पाह्यले. तणस खाऊन बसले हायेत.”

तो गोठ्यांत गेला, दावीं सोडलीं, कांहीं न बोलतां बैल घेऊन गेला. काका ओट्यावरून पाहत होते. तिसऱ्या प्रहरीं शेजाऱ्याचा मुलगा, माझ्याच वर्गांतला, डोकीवर टोपली घेऊन आला. तींत तीन पायल्या लाखोरी होती, त्यांच्या गेल्या सालची. आईनें ती मोजून घेतली आणि टोपली रिकामी परत देऊं नये म्हणून तींत मूठभर पोहे घातले. पोरगा जातांना म्हणाला, “बाबानं सांगतलं, लोढणं दुसरं जड करून घातलं हाय.”