घाट चढणारी वाफ : संयुक्त सांधेजोड इंजिनांच्या अभ्यासाची प्रस्तावना

वाफेच्या इंजिनाची थोरवी बहुतेकदा वेगावर मोजली जाते. डोंगरातल्या रेल्वेला ते माप लागू पडत नाही. तिथे प्रश्न असतो तो कोळशाने भरलेली हजारो टनांची गाडी वळणावळणाच्या चढावरून, परवडेल अशा खर्चात, वर नेण्याचा. या प्रश्नाला वाफेच्या युगाने जी उत्तरे दिली, त्यांतले सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर म्हणजे संयुक्त सांधेजोड इंजिन.

या इंजिनामागचा तर्क एकदा समजला की पुढचे सारे आपोआप उलगडते. इंजिनाची ओढ त्याच्या चालक चाकांवरच्या वजनावर अवलंबून असते. पण एका आसावर किती वजन टाकायचे, याला रूळ आणि पूल मर्यादा घालतात. ओढ वाढवायची तर आस वाढवावे लागतात, आणि एकाच ताठ चौकटीत खूप आस बसवले की ते इंजिन वळणावर अडते. म्हणून चौकटच दोन भागांत विभागायची आणि मधे बिजागरी ठेवायची. ही झाली सांधेजोड. दुसरा पेच कोळशाचा. बॉयलरमधून आलेली वाफ एका सिलिंडरमध्ये काम करून बाहेर पडते, तेव्हा तिच्यात बरीच ताकद शिल्लक असते. तीच वाफ दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरमध्ये नेऊन पुन्हा कामाला लावायची. याला संयुक्त रचना म्हणतात.

आनातोल मॅले या स्विस अभियंत्याने 1876 मध्ये फ्रान्समधल्या बायोन-बियारिट्झ रेल्वेसाठी संयुक्त इंजिने घडवली आणि 1884 मध्ये या दोन्ही कल्पना एकत्र आणणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. त्याची मागची चौकट बॉयलरला पक्की जोडलेली असते, पुढची चौकट बिजागरीवर वळते आणि बॉयलरचे पुढचे टोक तिच्यावर सरकत्या आधाराने टेकते. उच्च दाबाचे सिलिंडर मागच्या, पक्क्या चौकटीवर बसतात. त्यामुळे हलत्या सांध्यातून जाते ती फक्त एकदा वापरलेली, कमी दाबाची वाफ. त्या काळी उच्च दाबाचा हलता सांधा गळू न देणे महाकठीण होते. मॅलेने तो प्रश्न सोडवण्याऐवजी उद्भवूच दिला नाही. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात देकोविल कंपनीच्या छोट्या रेल्वेवर ही इंजिने लोकांनी पाहिली. त्या रेल्वेचे रूळ जवळजवळ आपल्या नेरळ-माथेरान गाडीच्या रुळांइतकेच अरुंद होते.

हे इंजिन चालताना कसे वागते, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. गाडी सुटताना पुढच्या सिलिंडरांना वापरलेली वाफ अजून मिळालेली नसते, म्हणून एका खास झडपेतून बॉयलरची ताजी वाफ दाब कमी करून त्यांना दिली जाते. चढावर मागची चाके घसरून गरगरू लागली, तर त्यांच्या सिलिंडरांतून वाफ भराभर बाहेर पडते, सिलिंडरांच्या दोन्ही जोड्यांमधल्या नळीतला दाब वाढतो आणि तोच दाब उलटा रेटून त्या चाकांना आवरतो. पुढची चाके घसरली, तर त्याच नळीतली वाफ आटते आणि त्यांचा जोर आपोआप ओसरतो. ड्रायव्हरचा हात पोचण्याआधीच यंत्र स्वतःला सावरू लागते.

ही कल्पना जन्मली युरोपात, पण तिला खरा विस्तार मिळाला तो अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांत. 1904 मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने पहिले अमेरिकन मॅले इंजिन आणले आणि पेनसिल्व्हेनियातल्या सँड पॅच चढावर गाड्या रेटण्याच्या कामाला लावले. 1918 मध्ये व्हर्जिनियन रेल्वेने वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्स गॅपच्या चढासाठी दहा चालक आसांची इंजिने घेतली. त्यांच्या कमी दाबाच्या सिलिंडरांचा व्यास 48 इंच, म्हणजे चार फूट होता. कारखान्यातून पाठवताना ते सिलिंडर उतरवूनच इंजिने रवाना करावी लागली.

या विषयात अपयशेही तितक्याच आस्थेने अभ्यासावीत. ईरी रेल्वेच्या 1914 च्या 'मॅट एच. शे' इंजिनात कोळसा-पाणी वाहणाऱ्या टेंडरखालीही चालक चाकांचा तिसरा संच बसवला होता. पण सहा सिलिंडरांची भूक बॉयलरला भागवता येईना. त्यातच निम्मी वाफ टेंडरमागून बाहेर जात असल्याने धुराड्यातला झोत दुबळा होऊन आगही मंदावे. ओढ कितीही असली तरी ती पुरवणारी वाफ हवी, हा धडा त्यातून मिळतो. मोठ्या, जड दट्ट्यांमुळे वेगावर येणारी मर्यादाही अशीच महत्त्वाची. तिच्यावर उपाय म्हणून अनेक रेल्वेंनी सांधा ठेवला आणि संयुक्त रचना सोडली. 1941 चे प्रसिद्ध 'बिग बॉय' इंजिन त्याच वाटेचे. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने मात्र मॅलेची मूळ कल्पना सोडली नाही. रोआनोकच्या स्वतःच्या कारखान्यात तिने वाय-6 वर्गाची इंजिने 1936 पासून 1952 पर्यंत सुधारत नेली. माझ्या मते संयुक्त सांधेजोड रचनेचे ते सर्वांत परिपक्व रूप आहे.

मराठी वाचकाला चढाची भाषा परकी नाही. कर्जतला गाडीमागे लागणारे, गाडी रेटणारे बँकर इंजिन त्याने पाहिले आहे, आणि बोर घाटाचा 37 ला 1 हा चढ क्लार्क्स गॅपपेक्षाही तीव्र आहे. दोन्ही घाटांचा पुढचा प्रवासही सारखाच झाला. व्हर्जिनियनने 1925 पासून, तर बोर घाटातल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने 1929-30 च्या सुमारास आपल्या चढांवर वीज आणली.

नव्या अभ्यासकाला एकच विनंती. इंजिनाच्या आकड्यांपासून सुरुवात करू नका. आधी त्या मार्गाचा चढ, वळणे, पुलांची ताकद आणि वाहायचा माल पाहा, मग आराखडा उघडा. प्रत्येक माप कुणाच्या सांगण्यावरून आले, ते डोंगरच सांगेल. प्रत्यक्ष इंजिन पाहायचे असेल, तर मेरीलँडमधल्या कंबरलँडचे 1309 क्रमांकाचे इंजिन लक्षात ठेवा. 1949 मध्ये बाल्डविन कारखान्यात बनलेले हे संयुक्त मॅले दीर्घ दुरुस्तीनंतर 2021 च्या अखेरीस पुन्हा गाडी ओढू लागले.