मृगातील एक रेषा : महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा आणि तेजोमेघांचे छायाचित्रण

भंडारा जिल्ह्यातील करडी या गावाहून पाहिले असता हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र दक्षिणेकडे तोंड केलेल्या निरीक्षकासमोर फार उंचावर येते. संस्कृत परंपरेने त्यात बाण लागलेले हरीण पाहिले; विदर्भातील गोंड समाजाने याच ताऱ्यांत नांगर पाहिला. ओळीतील तीन ताऱ्यांच्या किंचित दक्षिणेस, अंधाऱ्या रात्री, नुसत्या डोळ्यांनाही एक पुसट डाग जाणवतो. हाच मृगातील महातेजोमेघ होय. खगोल छायाचित्रण शिकू लागलेला मनुष्य बहुधा आपला कॅमेरा प्रथम याच डागावर रोखतो. या डागाच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा अध्याय पुण्यात लिहिला गेला, आणि आजच्या शिकाऊ छायाचित्रकाराला जे मूलतः शिकावे लागते त्याचे बीज त्या अध्यायात आहे.

या अध्यायाचे नायक कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे होत. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापन करीत असता, १८८२ साली त्यांना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून वर्णपटविषयक प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपयांची देणगी मिळाली, व मुंबई सरकारने तितकीच भर घातली. पुढे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांच्याशी झालेल्या विचारविनिमयातून प्रयोगशाळेचे रूपांतर वेधशाळेत झाले. नायगमवाला पुण्याच्या शास्त्र महाविद्यालयात आले आणि १८८८ पासून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कार्य सुरू झाले. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली तेथील २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण पुढील कित्येक दशके देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

त्या काळी तेजोमेघाचे स्वरूप हाच वादाचा विषय होता. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी काही तेजोमेघांच्या वर्णपटांत अखंड रंगपट्ट्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यावरून हे मेघ विरळ वायूचे असल्याचे निष्पन्न झाले. १८८० च्या सप्टेंबरात हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटे काच उघडी ठेवून मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. परंतु सर्वांत ठळक अशी हिरवट रेषा कोणत्या द्रव्याची, हे कोणालाच सांगता येईना. लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या वर्णपटातील एका पट्ट्याची कड होती. तसे असते तर रेषा एका बाजूस धूसर दिसली असती. १८९१ साली नायगमवालांनी पुण्याहून ती रेषा बारकाईने तपासली. ती त्यांना सुस्पष्ट व तीक्ष्ण आढळली. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्यांच्याच मताला हे निरीक्षण प्रतिकूल होते. तरीही ते प्रसिद्ध झाले.

कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी रेषा जुळेना, तेव्हा तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ हे नवे द्रव्य कल्पिले गेले. नाव मिळाले म्हणजे वस्तू सिद्ध होत नाही, याचे हे बोलके उदाहरण. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखविले की ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. अतिविरळ वायूतच ती प्रकटते, म्हणून पृथ्वीवरील प्रयोगशाळेत ती कोणास दिसली नव्हती. तिची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. आज खगोलीय कॅमेऱ्यापुढे जो ऑक्सिजनचा फिल्टर बसवितात तो बहुतेक इतर प्रकाश अडवून प्रामुख्याने हीच रेषा आत सोडतो. नायगमवालांनी तपासलेला प्रकाश अशा रीतीने हौशी निरीक्षकाच्या अंगणात उतरला आहे.

मात्र उपकरण हाती आले म्हणजे विद्या हाती आली असे नव्हे. पृथ्वी फिरत असल्याने विषुववृत्तानजीकचा तारा दर सेकंदास सुमारे १५ विकला सरकतो. म्हणून दुर्बिणीचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि करडीच्या अक्षांशावर तो क्षितिजापासून सुमारे २१ अंश उचलावा लागतो. कॅमेऱ्याचा संवेदक उष्णतेमुळे स्वतःच खोटा प्रकाश नोंदवितो. तो थंड राखण्याची सोय हेच अशा कॅमेऱ्याचे मुख्य वैशिष्ट्य. तरीही उरलेला दोष काढण्यासाठी, तितक्याच तापमानाला व तितकाच वेळ, झाकण लावून काळी चित्रे घ्यावी लागतात. भिंगाचे डाग व कडांचा अंधार ओळखण्यासाठी समान उजळलेल्या पृष्ठभागाची चित्रे लागतात. मग एकाच दृश्याची अनेक चित्रे एकत्र करतात; अशी सोळा चित्रे मिळविली की यादृच्छिक गोंधळाच्या तुलनेत खरा प्रकाश चौपट उठून दिसतो. आकाशाचे काय आणि उपकरणाचे काय, हा विवेक म्हणजेच या विद्येचा गाभा. तीक्ष्ण रेषा व धूसर कड यांतील भेद पारखताना नायगमवालांना याच विवेकाची गरज होती.

वेधशाळेचा शेवट बोधप्रद आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी जेऊर येथे नायगमवालांनी वेध घेतले व त्याचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध केला. परंतु १९१२ साली ते निवृत्त होताच वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. दुर्बीण टिकली, तिच्यामागची पुण्यातील परंपरा मात्र खंडित झाली. कारण ती एका व्यक्तीवर उभी होती. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, आणि २००६ साली जुन्नरजवळ गिरवली येथे दोन मीटर व्यासाची दुर्बीण कार्यान्वित झाली. परंतु मधला काळ परत मिळत नाही.

आज कॅमेरा विकत घेता येतो. त्याच्या वापराची शिस्त एकाने दुसऱ्यास द्यावी लागते. खेड्यातील निरीक्षकाने तापमान, वेळ, फिल्टर आणि फसलेली चित्रेही वहीत नोंदवून ठेवली, तर त्याच्यानंतर येणाऱ्याला आरंभापासून सुरुवात करावी लागणार नाही. तख्तसिंहजी वेधशाळेला वारस लाभले नाहीत, ते केवळ द्रव्याअभावी नव्हे; तेथील विद्या पुढच्या हाती गेली नाही म्हणून.