आजेपाडवा : लेकीचे श्राद्ध, नातवाचा हात

सर्वपित्री अमावस्येला पितृपक्ष संपतो आणि दुसऱ्याच दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घरोघर घट बसतात. नवरात्राच्या या पहिल्या दिवशी पंचांगात आणखी एक नोंद असते, मातामह श्राद्ध. बोलण्यात तिला आजेपाडवा म्हणतात. मुलीच्या मुलाने आईच्या दिवंगत वडिलांसाठी करायचे हे श्राद्ध. महालयाचे पंधरा दिवस उलटून गेल्यावर, शुद्ध पक्षात, देवीच्या उत्सवाच्या आरंभीच ते का ठेवले असावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ही एक किरकोळ पुरवणी आहे असे समजून पुढे जायची रीत आहे. पण या श्राद्धाचे नियम नीट लावून पाहिले, तर पितृप्रधान व्यवस्थेने जिला बापाच्या श्राद्धात जागा दिली नाही त्या लेकीने आपल्या मुलाच्या हाताने काढलेली ती वाट आहे, असे म्हणता येते.

आधी दोन आजोबांमधला फरक पाहावा. वडिलांच्या वडिलांची आठवण टिकवायला सगळी व्यवस्था हजर असते. आडनाव त्यांचे, गोत्र त्यांचे, सातबारा त्यांच्यावरून उतरत आलेला. नाव तर नातवाला सरळ दिले जाते. शिवाजी महाराजांचे दोन नातू, संभाजीराजांचे पुत्र शाहू आणि राजाराम-ताराबाईंचे पुत्र, दोघांचेही पाळण्यातले नाव शिवाजीच होते. बाळाजी विश्वनाथांचा नातू नानासाहेब हाही बाळाजी. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांना वसु, रुद्र आणि आदित्य मानून दरवर्षी बोलावले जाते. आईच्या वडिलांच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. लखुजी जाधवरावांसारख्या सरदाराची भव्य समाधी सिंदखेडराजाला आहे, पण ती त्यांच्या स्वतःच्या मातब्बरीमुळे, शिवाजी महाराजांचे आजोबा म्हणून नव्हे. साध्या गृहस्थाला मुलीच्या घरात ना नाव, ना जमीन, ना दगड. त्याच्या नावाची म्हणून एक तिथी तेवढी राहिली.

त्या तिथीचे नियम धर्मग्रंथांत आले आहेत. काशीत राहणाऱ्या, पण मुळात पैठणकडच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी 1612 मध्ये निर्णयसिंधु लिहिला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु 1790 च्या सुमाराचा. महाराष्ट्रातले भटजी अडचणीच्या वेळी आजही या दोन ग्रंथांकडे वळतात. त्यांतून निघणारे तीन नियम महत्त्वाचे आहेत. पहिला, मामा हयात असला तरी भाच्याने हे श्राद्ध करावे. दुसरा, ज्याचे स्वतःचे वडील हयात आहेत त्यानेच ते करावे. तिसरा, मुलाची मुंज झालेली नसली तरी चालते. एरवी वडील जिवंत असताना मुलाला पितरांचे श्राद्ध घालण्याचा अधिकार नसतो. म्हणजे एखाद्या लहान मुलाच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा जो पूर्वज तृप्त होतो, तो त्याच्या कुळातला नसतो, आईच्या कुळातला असतो.

यावर पहिला आक्षेप मालमत्तेचा येईल. निपुत्रिक माणसाने मुलीलाच पुत्राच्या जागी मानावे आणि तिच्या मुलाने पिंड द्यावा, ही पुत्रिकापुत्राची सोय मनुस्मृतीत आहे. मिताक्षरेच्या वारसाक्रमातही मुलगा, नातू, पणतू, विधवा आणि मुलगी यांपैकी कोणी नसेल तर मुलीचा मुलगा वारस होतो. तेव्हा आजेपाडवा हा वारशाच्या मोबदल्यात दिलेला घासच नाही काय? तसे असते तर मामा हयात असताना भाच्याने श्राद्ध करण्याचे कारणच उरले नसते. मामा असला की भाच्याला आजोळच्या जमिनीतली वीतभरही मिळत नव्हती, आणि आजोबांना पिंड द्यायला स्वतःचा मुलगा होताच. तरीही भाच्याला वेगळा दिवस दिला. वारसा मिळणार नाही हे ठाऊक असतानाच हे श्राद्ध सांगितलेले आहे, म्हणून त्याचे मूळ वारशात शोधता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. महालयाच्या पार्वण श्राद्धात आणि तीर्थश्राद्धात आईकडच्या तीन पिढ्यांनाही आवाहन असतेच. मग आजेपाडव्याने नवे काय दिले? वडील हयात असल्यामुळे ज्याला ते पार्वण करता येत नाही त्याच्यासाठी ही सोय, इतकेच म्हणता येईल. पण मग विचारावे लागते, की अशी पोकळी वडिलांच्या वडिलांबाबत कोणाला का जाणवली नाही? उत्तर उघड आहे. तिथे वडील स्वतः श्राद्ध करतात. आजोळच्या आजोबांसाठी त्याच पिढीत उभी असते ती आई, आणि तिला हा अधिकार नाही. लग्नानंतर तिचे गोत्र बदलले. बाप गेल्यावर भावाला दहा दिवसांचे सुतक, तिला तीन. ही पोकळी नातवाची नाही, लेकीची आहे. नातवाला पुढे करून ती भरली गेली. ग्रंथकार हे कारण देत नाहीत, हा नियमांवरून काढलेला निष्कर्ष आहे. पण पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात श्राद्धसार या ग्रंथाचे मत नोंदवले आहे, की मातामह श्राद्धाला केवळ शिष्टांच्या आचाराचा आधार आहे. म्हणजे रीत आधी घरात रुजली आणि शास्त्राने ती मागाहून मान्य केली.

घरात ती रुजण्याची कारणे महाराष्ट्रात शोधावी लागत नाहीत. पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे मुलाचे पहिले काही महिने आजोळी. सणाला, सुट्टीला तेच घर. आजोळच्या आजोबांना नातवाला वाढवण्याची किंवा शिस्त लावण्याची जबाबदारी नसते, म्हणून ते नाते बहुधा निखळ लाडाचे राहते. इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर लिहिताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर ठेवले. इथल्या अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची रीत होती, तर काहींत ती वर्ज्य होती. जिथे ती होती तिथे आजोबा हे बायकोचेही आजोबा होत आणि आजोळ पिढ्यान्‌पिढ्या परके राहत नसे. हे श्राद्ध उत्तरेतही आहे, तेव्हा ते केवळ मराठी म्हणता येणार नाही. पण आईच्या माहेराला इतके जवळ ठेवणाऱ्या समाजात ते टिकले, यात नवल नाही.

तिसरा आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो. ही मुख्यतः ब्राह्मणी पोथीतली रीत आहे. पितरांना म्हाळ घालणाऱ्या आणि आगारी टाकणाऱ्या बहुसंख्य घरांत तिचे नियम कोणी तपासत बसले नाही. शिवाय श्राद्ध आजोबांचे नाव आणि गोत्र जपते. ते कसे होते, काय करत, कशावर चिडत, यातले काहीच जपत नाही. आणि सगळ्यांत खटकणारी गोष्ट अशी, की नातीला यात कुठेच जागा नाही. लेकीची पोकळी भरली, पण त्यासाठी हात लागला तो मुलाचाच. व्यवस्थेला वळसा घालणारी रीतही त्याच व्यवस्थेच्या अटीवर चालली. म्हणून तिला सुधारणा म्हणता येत नाही. तिचे मोल वेगळे आहे. ज्या काळात नात्याची किंमत पिंड आणि जमीन यांवरून ठरत असे, त्या काळातही ज्याच्याकडून काहीच मिळणार नाही अशा आजोबांची आठवण धरण्याची गरज लोकांना वाटत होती, याचा हा पुरावा आहे.

कायद्याने आता हा हिशेब बदलला आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने वाटा दिला. महाराष्ट्राने 1994 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतही तिला जन्मतः हक्क दिला, आणि 2005 मध्ये तो देशभर लागू झाला. आजोळची जमीन आता आईच्या हातून नातवंडांपर्यंत येऊ शकते, आणि भावा-बहिणींच्या वाटणीत आजोळ तुटतानाही दिसते. यावरून मुलींनी हक्क मागू नये असा धडा काढणे अन्यायाचे ठरेल, कारण हक्क नसतानाचा तो गोडवा बहिणींच्या वाट्याच्या जिवावर उभा होता. पण आजेपाडवा पाळायचा असेल तर त्याचा मूळ हेतू पाळावा. लेकीला बापासाठी मुलाचा हात उसना घ्यावा लागला, तो आता घ्यावा लागू नये. तिनेच पान वाढावे, नातीनेही पाणी सोडावे, आणि नाव-गोत्रापाठोपाठ त्या माणसाबद्दल चार गोष्टीही सांगितल्या जाव्यात. शास्त्राने एकदा आचारापुढे मान तुकवली आहे, पुन्हा तुकवायला हरकत नसावी.