नसांचा जुना त्रास आहे, मग लस घ्यायची की नाही? साधा त्रास कोणता, धोक्याची खूण कोणती, जाणून घ्या

तळपायाला मुंग्या, रात्री होणारी आग, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं. मधुमेहामुळे नसा अधू झालेले असे रुग्ण आता गावोगावी आहेत. कुष्ठरोग बरा झाला पण हाताची बोटं बधिर राहिली, असेही आहेत. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम) साथ आली, तेव्हापासून या आजाराचं नावही सगळ्यांना माहीत झालंय. त्यामुळे लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर एक प्रश्न हमखास येतो: आधीच नसा कमजोर, त्यात लस घेतली तर लकवा तर नाही ना मारणार?

ही भीती उगाच आलेली नाही. कुत्रं चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी १४ इंजेक्शनं जुन्या माणसांना आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. त्यातल्या मज्जेच्या अंशामुळे काहींचं शरीर स्वतःच्याच नसांवर उलटायचं आणि खरोखर लकवा व्हायचा. ती लस देशात २००५ पर्यंत बंद झाली. आताची रेबीज लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून, तो निष्क्रिय करून बनते. त्यात मेंदूचा अंश नसतो. लस बदलली, भीती मात्र तशीच राहिली.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. १९७६ मध्ये तिथे स्वाइन फ्लूची लस सुमारे साडेचार कोटी लोकांना दिली गेली आणि दर लाखामागे साधारण एक जादा जीबीएस रुग्ण आढळला. मोहीम थांबवावी लागली. नंतरच्या फ्लू लसींत हे प्रमाण फार तर दहा लाखांमागे एक-दोन इतकंच दिसलं. कोविशिल्ड ज्या सूत्राची होती, त्या लसीच्या अतिदुर्मिळ दुष्परिणामांतही २०२१ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने जीबीएसची नोंद केली. म्हणजे धोका शून्य नाही, पण अगदी थोडा आहे. आणि जीबीएस बहुतेक वेळा जुलाब किंवा सर्दी-तापासारख्या संसर्गानंतर होतो. पुण्याच्या साथीतही संशय दूषित पाण्यावर आणि त्यातल्या जंतूंवर होता, लसीवर नव्हे.

साधा त्रास कोणता?

दंड दुखणं, ताप, अंगदुखी दोन-तीन दिवस राहते. ताप आला की जुन्या मुंग्या, आग किंवा अशक्तपणा तात्पुरता वाढू शकतो. तो रोग वाढल्याचा पुरावा नसतो, ताप उतरला की बहुधा कमी होतो. मधुमेहींची साखर एक-दोन दिवस वर जाऊ शकते, म्हणून तपासत राहावं. गोळी-इन्सुलिन मनाने बंद करू नये.

धोक्याची खूण

मुंग्या किंवा कमजोरी दोन्ही पायांतून वर चढत जाणं, उकिडवं बसल्यावर उठता न येणं, तोंड वाकडं होणं, गिळताना ठसका, श्वास अपुरा पडणं. लस घेतल्यापासून सहा आठवड्यांत असं काही दिसलं तर घरी तेल चोळत बसू नये. १०८ बोलवावी.

डॉक्टरांना आधी काय सांगायचं?

पूर्वी जीबीएस झाला होता का, आणि तो फ्लू किंवा धनुर्वाताच्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत झाला होता का, हे सांगणं महत्त्वाचं. तसं असेल तर तीच लस पुन्हा देताना डॉक्टर फायदा-तोटा तोलतात. इतर कारणाने जीबीएस झालेल्यांना कायमची लसबंदी नसते. नसांच्या आजारासाठी किंवा कुष्ठरोगाच्या रिअॅक्शनसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही लपवू नये. मोठ्या डोसवर असताना गोवर, कांजिण्या, बीसीजी अशा जिवंत लसी टाळतात. लस घ्यायची म्हणून स्टिरॉइड अचानक थांबवणं मात्र जास्त धोक्याचं.

लस दंडातच घ्यावी. कुल्ल्यात चुकीच्या जागी सुई गेली तर पायाची मोठी नस दुखावते, शिवाय रेबीजची लस तिथे नीट लागू पडत नाही.

कुत्रं चावलं तर मात्र विचार करत बसायला वेळच नाही. रेबीज झाला की माणूस जवळपास वाचतच नाही, म्हणून नसांचा कोणताही आजार असला तरी ही लस टाळायची नसते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पाय बधिर असलेल्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत, कारण काटा, खिळा किंवा दात लागलेला त्यांना कळतच नाही, आणि धनुर्वाताच्या लसीची गरज त्यांनाच अधिक पडते.

लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबावं. नंतर त्रास झाला तर आशाताई किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना लसीचं नाव आणि तारीख सांगून नोंद करून घ्यावी. त्यासाठी लसीची चिठ्ठी जपून ठेवावी.