अळू 'खाण्याजोगं' आहे, हे कोणी ठरवलं?

अळूचं शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेंटा. भेंडीचं एबलमॉस्कस एस्क्युलेंटस. आपला साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून बनतो, त्याचं मॅनिहॉट एस्क्युलेंटा. विशेषण एकच, फक्त लिंगाप्रमाणे शेवट बदललाय. इंग्रजीत 'खाण्याजोगा' या अर्थाचा 'एस्क्युलेंट' हा भारदस्त शब्द इथूनच आला.

व्युत्पत्ती सरळ आहे. लॅटिनमध्ये 'एडेरे' म्हणजे खाणे, 'एस्का' म्हणजे अन्न, आणि पुढे 'भरलेला' असा अर्थ देणारा प्रत्यय. या 'एडेरे'चा सख्खा भाऊ म्हणजे संस्कृत 'अद्' धातू, ज्यावरून आपलं 'अन्न' झालं. ('खाद्य' मात्र 'खाद्' वरून.) बरेच जण इथेच थांबतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

कच्चं अळू कोणी खात नाही. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला टोचतात, म्हणून फदफदं करताना आपण चिंच घालून ते नीट शिजवतो. कसाव्याचं प्रकरण तर जिवावरचं आहे. त्याच्या कच्च्या कंदातून सायनाइड सुटतं. किसून, पिळून, आंबवून, भाजून तो खाण्यालायक करायची युक्ती दक्षिण अमेरिकेतल्या मूळनिवासींनी शोधली. क्रांट्झ या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1766 मध्ये कसाव्याला 'एस्क्युलेंटा' म्हटलं, तेव्हा ती युक्ती हजारो वर्षं जुनी होती. म्हणजे हे विशेषण वरवर झाडाचा गुण सांगतं, पण त्यात नोंद आहे ती माणसांच्या कामाची. नावापुढे श्रेय मात्र क्रांट्झचं लागतं. ज्यांनी कंद खाण्याजोगा केला, त्यांचा तिथे उल्लेखही नाही.

टोमॅटोची गंमत आणखी वेगळी. लिनियसने 1753 मध्ये त्याला वांग्या-बटाट्याच्या सोलॅनम प्रजातीत ठेवलं. 1768 मध्ये फिलिप मिलरने तो वेगळा काढून लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम केला, म्हणजे शब्दशः 'खाण्याजोगं लांडग्याचं पीच'! पुढे डीएनएच्या अभ्यासामुळे तो पुन्हा सोलॅनममध्ये, सोलॅनम लायकोपर्सिकम या नावाने परतला आणि 'खाण्याजोगा' हा शब्द गळाला.

तेव्हा जुने कृषी अहवाल किंवा रोपवाटिकांच्या याद्या चाळताना फक्त आजचं नाव शोधलंत, तर टोमॅटोच्या कितीतरी नोंदी हाती लागणारच नाहीत. दोन्ही नावं टाका, आणि 'एस्क्युलेंट' एवढाच तुकडा टाकूनही एकदा शोधून बघा.