एका अक्षराचा पाठभेद : व्हर्नन इंग्रॅम यांचे संशोधनजीवन



एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला पाचारण करावे, याचे मला प्रथम नवल वाटले. परंतु ज्याचे आयुष्य जुन्या पोथ्यांतील पाठभेद जुळवण्यात गेले, त्याला आपल्याच घरातले वाटावे असे एक संशोधन रेणवीय जीवशास्त्रात झालेले आहे. त्याची हकिकत आज आपणांपुढे ठेवतो.

'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' या आज्ञेतील एक अक्षर बदलून ते 'मारावे' असे करण्यात आले, ही आख्यायिका. इतिहासाच्या कसोटीला ती उतरो न उतरो, एका अक्षराने माणूस मरू शकतो हे सत्य मराठी माणसाच्या मनात तिने कायमचे कोरून ठेवले. मानवी देहाच्या पोथीतही असाच एक 'ध'चा 'मा' झालेला आहे, हे ज्याने प्रथम दाखवून दिले त्या शास्त्रज्ञाचे नाव व्हर्नन इंग्रॅम.

प्रथम त्या रोगाविषयी. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या तांबड्या पेशी गोल नसून विळ्यासारख्या वाकड्या होत्या. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हा रोग सिकल सेल. प्राणवायू सोडून दिला की या पेशींतील हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी ताठरते व वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, रुग्णाचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते. 'रेणवीय रोग' ही संज्ञा त्यांनीच रूढ केली. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे कळले. पण त्या रेणूत नेमका कोठे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ग्रंथ अशुद्ध आहे एवढे समजले होते, अशुद्धी कोणत्या ओवीत आहे ते समजले नव्हते.

इंग्रॅम यांचा जन्म १९२४ साली त्या वेळच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव इमरवार. जर्मन भाषेत त्याचा अर्थ 'सदैव सत्य'. नाझी राजवटीत असल्या नावाच्या घराला थारा राहिला नाही, आणि १९३८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, हा मुलगा कुटुंबासह इंग्लंडला आला. महायुद्धाच्या काळात दिवसा एका रसायनांच्या कारखान्यात काम आणि रात्री लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात अध्ययन, असा त्यांचा क्रम होता. १९४९ साली त्यांनी पीएच.डी. संपादन केली. पुढे अमेरिकेत रॉकफेलर संस्था व येल विद्यापीठ येथे प्रथिनांच्या रसायनाची उमेदवारी करून १९५२ साली ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मॅक्स पेरुट्झ यांच्याकडे रुजू झाले.

त्या प्रयोगशाळेत सिकल सेल रुग्णाच्या रक्ताचा नमुना आलेला होता. त्याच शहरात फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम लावण्याचे महत्कार्य केले होते. परंतु त्या रीतीने हिमोग्लोबिनचा सगळा रेणू वाचायचा, तर वर्षे खर्ची पडली असती. या रेणूत ५७४ अमिनो आम्ले असतात. तो दोन सारख्या अर्धांचा बनलेला असल्याने एका अर्धात २८७. इंग्रॅम यांनी युक्ती केली. सगळा ग्रंथ वाचण्याऐवजी दोन्ही प्रतींचे सारख्याच ठिकाणी तुकडे करावयाचे आणि तुकड्याला तुकडा ताडून पाहावयाचा. ट्रिप्सिन नावाचा पाचक रस प्रथिनाला ठरावीक जागीच छेद देतो. ते तुकडे त्यांनी ओल्या कागदावर प्रथम विजेच्या साहाय्याने एका दिशेला आणि नंतर द्रावणाच्या साहाय्याने काटकोनात दुसऱ्या दिशेला पसरवले. कागदावर तीसएक ठिपके उमटले. दोन्ही कागद शेजारी ठेवले, तेव्हा एक ठिपका वगळता बाकी सारे जुळत होते.

हा निष्कर्ष १९५६ साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि १९५७ साली त्या एका तुकड्याचे वाचनही पूर्ण झाले. निरोगी हिमोग्लोबिनमध्ये जेथे ग्लुटामिक आम्ल असते, तेथे रुग्णाच्या हिमोग्लोबिनमध्ये व्हॅलिन होते. बाकी फरक नाही. ही जागा १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहावी आहे, हे आज आपण जाणतो. जनुकीय लिपीचा उलगडा १९६०च्या दशकात झाला, तेव्हा हेही कळले की जनुकात केवळ एक अक्षर बदललेले आहे. जनुकातील उत्परिवर्तनामुळे प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदलते, याचा हा पहिला पुरावा होय.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला यात नवे काय? एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. प्रत प्रतीशी ताडावी, भेद टिपावा, मगच बोलावे, हीच ती शिस्त. मात्र लेखनिकाचा प्रमाद टिकून राहण्यालाही कधी कारण असते. ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो, तो वाहक होतो. त्याला सहसा रोग होत नाही, उलट हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवले. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हे चुकीचे अक्षर पिढ्यान्‌पिढ्या नकलले गेले.

इंग्रॅम १९५८ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. हिमोग्लोबिनची विविध जनुके एका मूळ जनुकाच्या द्विरुक्तीतून उत्क्रांत झाली असावीत, हा विचार त्यांनी पुढे मांडला. उत्तरायुष्यात ते अल्झायमर रोगाच्या संशोधनाकडे वळले. नोबेल पारितोषिक त्यांना लाभले नाही. २००६ साली त्यांचे निधन झाले.

येथे एक कबुली देणे मला प्राप्त आहे. सिकल सेल हा दूरदेशीचा रोग नव्हे. १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत तो आढळला. पुढे विदर्भ, सातपुडा, गुजरात आणि आपल्या इंदूरच्या पश्चिमेला झाबुआ-अलीराजपूरचा भिल्लांचा मुलूख, येथेही आढळला. पुष्कळ वर्षांपूर्वी त्या मुलुखातला एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. थंडी पडली की सांधे दुखतात म्हणून तो दिवसेंदिवस गैरहजर राही. भर वर्गात मी त्याला कामचुकार म्हटले. तो उभा राहून ऐकत राहिला, काही बोलला नाही; पुढच्या वर्षी तो आलाच नाही. त्याला हाच रोग होता असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण इंग्रॅम यांचा लेख छापून येऊन तेव्हा कितीतरी वर्षे झाली होती, आणि पाठभेद शोधणाऱ्या माझ्या मनाला शंकादेखील शिवली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

चूक सापडणे आणि चूक दुरुस्त होणे यांतले अंतर मोठे असते. जनुक-संपादनावर आधारलेल्या या रोगावरील पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली ती २०२३ साली, ब्रिटन व अमेरिका येथे. म्हणजे १९५७ नंतर ६६ वर्षांनी. त्यातही ते चुकलेले अक्षर सुधारले जात नाही. गर्भावस्थेतील, जन्मानंतर मिटून ठेवलेला हिमोग्लोबिनचा जुना पाठ पुन्हा उघडला जातो. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती. अलीराजपूरच्या पाड्यावर ती रक्कम कोण मोजणार?

तथापि, जे हाताशी आहे तेही थोडे नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि हे रक्ततपासणीने आधीच कळू शकते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. मात्र तपासणीचा कागद मुलीचे लग्न मोडण्यासाठी वापरला गेला, तर विद्येचा तो दुसरा 'ध'चा 'मा' होईल.

या सभेत अनेक शिक्षक बसले आहेत. आपल्या वर्गात एखादे मूल वरचेवर गैरहजर राहत असेल, तर त्याच्यावर ठपका ठेवण्यापूर्वी त्याची विचारपूस करा आणि त्याला तपासणीला पाठवा. मला जे त्या वेळी सुचले नाही, ते आपणांस सुचावे, एवढ्यासाठीच आज मी येथे उभा राहिलो.