हुरडा, बटाटा आणि वीस वर्षांचा गैरसमज

आमच्या बदनापूरकडे थंडीत आगटीभोवती बसून हुरडा खाल्ला असेल, तर स्टार्चचं रसायनशास्त्र तुमच्या जिभेला आधीच माहीत आहे. कोवळा दाणा गोड. तोच शेतात राहिला की कडक, पिठूळ. साखर कुठे जाते? एकेक ग्लुकोज स्टार्चच्या साखळीला जोडला जातो. हे काम विकरं, म्हणजे एन्झाइम्स, करतात. पण नेमकं कोणतं?

१९४० मध्ये चार्ल्स हेन्स यांनी बटाट्यातल्या फॉस्फोरिलेज या विकराला ग्लुकोज-१-फॉस्फेट दिलं आणि परीक्षानळीत स्टार्च तयार झालं. आयोडीन टाकलं की निळं! झालं, उत्तर सापडलं असं बहुतेकांनी धरून चालायला सुरुवात केली. ही अभिक्रिया मात्र दोन्ही दिशांनी चालते. सुटं फॉस्फेट भरपूर असेल तर हेच विकर स्टार्च तोडतं, आणि पेशीत ते भरपूरच असतं. म्हणजे नळीत बांधणारा गवंडी घरात भिंत पाडणारा निघायची शक्यता होती.

तिकडे ब्वेनोस आइरेसमध्ये लुईस लेलॉयर यांच्या गटाला १९५० मध्ये यूडीपी-ग्लुकोज सापडलं होतं: ग्लुकोजला लावलेली जणू एक मूठ, जिला धरून विकर तो पुढे जोडतं. १९६० मध्ये त्यांनी घेवड्याच्या बियांतले स्टार्चचे कण घेतले, त्यांना किरणोत्सारी ग्लुकोज असलेलं यूडीपी-ग्लुकोज दिलं, आणि तो ग्लुकोज स्टार्चमध्ये गेला. विकर कणालाच चिकटलेलं होतं. (तुरीच्या बीडीएन वाणांच्या गावातला असल्याने, इथे शेंगवर्गीय बी कामी आलं याचा मला उगाच अभिमान वाटतो.) पुढच्याच वर्षी एडीपी-ग्लुकोज त्याहून कितीतरी जलद चालतं हे दिसलं. १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल लेलॉयर यांना मिळालं.

पण मला सर्वांत आवडतो तो १९६२ चा पुरावा. नेल्सन आणि राइन्स यांनी ‘वॅक्सी’ मका तपासला. त्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज नसतं, आणि कणाला चिकटलेलं हे विकरही जवळपास निष्क्रिय निघालं. झाडानेच साक्ष दिली. फॉस्फोरिलेज मात्र पुरतं निकालात निघालेलं नाही; ते नसलेल्या भाताचे दाणे थंडीत सुरकुततात.

गेल्या महिन्यात माझ्या विकराने नळीत साखर जोडली. पेढे न्यायच्या बेतात होतो. गाइडनी आलेख पाहिला आणि विचारलं, “रोपातही हेच करतं कशावरून?” सध्या मी ते विकर नसलेलं रोप शोधतोय.